डेशिया : स्तंभावरचा विजय, मेणावरचा कारभार

रोममध्ये इ.स. 113 मध्ये उभारलेल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर, नागमोडी वर चढत जाणाऱ्या शिल्पपट्टीत, डॅन्यूब नदीपलीकडच्या डेशियाची, म्हणजे आजच्या रुमानियातील डोंगराळ मुलखाची, दोन युद्धे कोरलेली आहेत. नीट पाहिल्यास लढणाऱ्या सैनिकांइतकेच झाडे तोडणारे, तट रचणारे आणि रस्ते बांधणारे सैनिकही त्यात दिसतात.

इ.स. 89 च्या तहानंतर डेशियाचा राजा डेसिबॅलस याला पैसा आणि कारागीर रोमच पुरवत होते. ही नामुष्की ट्राजनला मानवणारी नव्हती. त्याने 101 मध्ये स्वारी केली. 102 मध्ये झालेला तह टिकला नाही. मधल्या काळात दमास्कसचा वास्तुविशारद अपोलोडोरस याने ड्रोबेटाजवळ डॅन्यूबवर 20 दगडी खांबांवर एक किलोमीटरहून लांब पूल उभारला, आणि 106 मध्ये राजधानी सार्मिझेगेतुझा पडली. पाठलाग करणारे घोडेस्वार जवळ येताच डेसिबॅलसने स्वतःचा जीव घेतला. त्याचे शिर ट्राजनकडे नेणाऱ्या टायबेरियस क्लॉडियस मॅक्सिमसने तो पराक्रम आपल्या थडग्याच्या दगडावर कोरवून घेतला.

त्यानंतर सुरू झाला तो ताब्याचा कारभार. अपुलममध्ये, म्हणजे आजच्या आल्बा युलियात, तेराव्या लीजनने, म्हणजे रोमन सैन्याच्या तेराव्या दलाने, तळ ठोकला, तर निवृत्त सैनिकांसाठी जुन्या राजधानीपासून सुमारे 40 किलोमीटरवर सपाटीला नवे नगर वसवले गेले. पाडलेल्या राजधानीचे नाव पुढे त्या नगरालाच चिकटवण्यात आले. डेशियातल्याच आल्बर्नस मायोरच्या सोन्याच्या खाणींसाठी खाणकामगार आणले गेले ते इलिरियातून, म्हणजे बाल्कन प्रदेशाच्या पश्चिम भागातून.

त्याच खाणींत लिहिण्यासाठी मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या आहेत, आणि स्तंभापेक्षा त्याच अधिक बोलक्या आहेत. 139 मधील एका पाटीवर सुमारे सहा वर्षांच्या पास्सिया नावाच्या मुलीची 205 दिनारांना झालेली विक्री नोंदलेली आहे. 167 मधील दुसरी पाटी सांगते की अंत्यविधीसाठी स्थापन झालेल्या मंडळाच्या 54 सभासदांपैकी तेथे 17 च उरले असल्याने मंडळ मोडण्यात येत आहे. या पाट्यांवरची नावे बहुतेक इलिरियन, लॅटिन आणि ग्रीक आहेत.

सुमारे 271 ते 275 या काळात सम्राट ऑरेलियनने प्रांत सोडला, सैन्य डॅन्यूबच्या दक्षिणेला मागे घेतले, आणि तेथे आखलेल्या नव्या प्रांताला नाव दिले : डेशिया.