पांढऱ्या टोपीतली ती

(दृश्य: पुस्तकांचं दुकान. एकामागून एक मुखपृष्ठं.)

या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांकडे जरा निरखून बघा. पिकलेलं शेत, लाकडी कुंपण, लांबवर एक घोडागाडी आणि पुढ्यात एक मुलगी. अंगात एकरंगी झगा, डोक्यावर पातळ पांढरी टोपी, टोपीचे बंद मोकळे सोडलेले. नजर खाली. पुस्तक बदलतं, लेखिका बदलते, मुलगी जवळपास तीच राहते.

मुलगी आमिश आहे, म्हणजे अमेरिकेतल्या एका साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातली, असं मुखपृष्ठ सांगतं. पण ती आमिश असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. कोरीव मूर्ती करू नको, ही बायबलमधली आज्ञा आमिश लोक छायाचित्रालाही लावतात. कॅमेऱ्यासमोर उभं राहून फोटो काढून घेणं त्यांच्यात बसत नाही. म्हणजे ही कुणीतरी मॉडेल. टोपी घालून आली, फोटो झाला, टोपी काढून घरी गेली.

आपल्या या फिल्ममध्येही तुम्हाला आमिश चेहरा दिसणार नाही. हात दिसतील, पाठी दिसतील, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतील.

(दृश्य: लँकेस्टर परगणा. रस्त्याच्या कडेनं जाणारी करड्या रंगाची घोडागाडी.)

हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा लँकेस्टर परगणा. इथल्या आमिशांच्या घोडागाड्या करड्या असतात. ओहायोत, इंडियानात काळ्या. टोपीचंही तसंच. लँकेस्टरची टोपी मागून बदामाच्या आकाराची, तिकडची बारीक चुण्यांची. जाणकार बाईला टोपीवरून गाव ओळखता येतं, जसं आपल्याकडे नेसण्यावरून मुलूख ओळखायचे. मुखपृष्ठ करणाऱ्यांना एवढी बारकाई दर वेळी साधतेच असं नाही.

हे लोक मूळचे युरोपातले. मोठेपणी, स्वतःच्या समजुतीनं घेतलेला बाप्तिस्माच खरा, असं म्हणणारा पंथ १५२५ मध्ये झुरिकला सुरू झाला. त्यापायी कित्येकांना जाळलं, बुडवलं. १६९३ च्या सुमारास त्यातला याकोब अम्मान नावाचा एक कडक पुढारी वेगळा झाला. त्याच्या नावावरून हे आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. आज त्यांची संख्या चार लाखांच्या घरात आहे आणि साधारण वीस वर्षांत ती दुप्पट होते, कारण घरटी सहा-सात मुलं आणि दहातली आठ-नऊ मुलं मोठेपणी पंथातच राहतात. घरात जर्मनची एक बोली, प्रार्थनेला जुनी जर्मन, बाहेर इंग्रजी. आणि आमिश नसलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी ‘इंग्लिश’. पुण्याहून गेलात तरी तुम्ही इंग्लिशच.

आता या माणसांवर कादंबऱ्या कोण लिहितं? इंग्लिश. वाचतं कोण? बहुतेक इंग्लिशच.

(दृश्य: जुन्या आवृत्तीचं मुखपृष्ठ.)

१९९७. मिनियापोलिसच्या बेथनी हाउस या ख्रिस्ती प्रकाशनानं बेव्हर्ली लुईस यांची ‘द शनिंग’ ही कादंबरी काढली. लेखिका आमिश नव्हे, पण जन्म लँकेस्टरचा, आणि आजी जुन्या वळणाच्या मेनोनाइट पंथातून, म्हणजे आमिशांच्या चुलत घरातून, बाहेर पडलेली. कथेतली केटी लॅप लग्नाला उभी राहिलेली तरुणी. पंथात न चालणारी गिटार तिला सोडवत नाही. माळ्यावर तिला तान्ह्या बाळाचं एक रेशमी झबलं सापडतं आणि त्या झबल्यानं तिच्या जन्माची गोष्ट उलगडायला लागते. साध्या सुती कपड्यांच्या घरात रेशीम! कथेची कळ कुठे ठेवायची, हे लेखिकेला नेमकं कळलं होतं. पुस्तकाच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या.

ख्रिस्ती प्रकाशकांना सोज्ज्वळ कादंबरीची बाजारपेठ आधीच ठाऊक होती. कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या १९७९ च्या माळरानावरच्या प्रेमकथेनं ती उघडून दिली होती. शिवीगाळ नाही, शय्यादृश्य नाही, देवावरचा विश्वास शेवटी तारून नेतो. पण अशी कथा आजच्या शहरात घडवायची तर नायिका वागते अशी का, याची कारणं देत बसावं लागतं. आमिश गावात ते कामच उरत नाही. तिथे पहिलं चुंबन शेवटच्या प्रकरणापर्यंत लांबलं, तरी कुणी भुवई उंचावत नाही.

वॅलरी वीव्हर-झर्कर या मेनोनाइट लेखिकेनं या साऱ्या प्रकाराचा अभ्यास करून २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं. २००२ साली अशा नव्या कादंबऱ्या निघाल्या दोन. २०१२ साली पंच्याऐंशी. म्हणजे दर चार दिवसांनी टोपीतली एक नवी मुलगी.

(दृश्य: स्वयंपाकघर. पीठ मळणारे हात. फळीवर बरण्यांची रांग.)

वाचकाला यात काय मिळतं, ते या स्वयंपाकघरात कळतं. कादंबरीतली निम्मी पानं इथेच घडतात. उन्हाळ्याच्या शेवटी पीच, बीन्स, टोमॅटो उकळून बरण्यांत भरायचे. पाच-सहाशे बरण्यांची बेगमी म्हणजे कुणाला फार वाटत नाही. बायका गोल बसून गोधडी घालतात. तिला तिथे क्विल्ट म्हणतात, पण चौकटीभोवती सुया आणि तोंडं एकाच वेगानं चालतात, ते आपल्या ओळखीचंच. कित्येक कादंबऱ्यांच्या मागे पाककृती छापलेल्या असतात. नायिकेनं अकराव्या प्रकरणात भट्टीत भाजलेला ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ वाचकानं रविवारी घरी करून बघायचा.

आणि सेलरी, म्हणजे लांब दांड्यांची एक हिरवी भाजी. ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लँकेस्टरमध्ये लग्नं होतात मुख्यतः नोव्हेंबरात, सुगी आटोपल्यावर, मंगळवारी नाहीतर गुरुवारी. ठरलेलं लग्न जाहीर होतं काहीच आठवडे आधी, तोवर गुपित. पण जेवायला तीन-चारशे माणूस आणि पानात सेलरीची भाजी हवीच. शिवाय टेबलावर फुलांऐवजी सेलरीचे हिरवे तुरे बरणीत उभे करतात. मग एखाद्या घरी मुलगी उपवर आहे आणि उन्हाळ्यात परसात नेहमीपेक्षा चार वाफे सेलरी जास्त लागली आहे, हे कुंपणापलीकडून दिसलं, की शेजारणीला सांगावं लागत नाही. कादंबरीकाराला आयतं मिळालेलं असं रहस्य कुठल्या कल्पनेतून सुचणार?

इथवर कादंबऱ्या खऱ्या आहेत. कपडे खरे, चूल खरी, बरण्या खऱ्या. गाडी घसरते ती नायिका डोळे मिटून देवाशी बोलायला लागते तेव्हा.

(दृश्य: रिकामी बाकं. बाकावर एक जाडजूड गीतांचं पुस्तक.)

आमिशांना चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून एक रविवार, कुणा एकाच्या घरी सभा भरते. पाठ नसलेली बाकं गाडीत घालून या घरून त्या घरी जातात. सभा तीन तासांची. गायनाचं पुस्तक ‘आउसबुंड’. पहिली छपाई १५६४ ची, आणि त्यातली सर्वांत जुनी गीतं जर्मनीतल्या पासाउच्या तळघरात कैदेत पडलेल्या माणसांनी रचलेली. पुस्तकात स्वरलिपी नाही. चाली तोंडातोंडी आलेल्या. दुसरं गीत कायम ठरलेलं, स्तुतिगीत. चारच कडवी, आणि ती गायला वीस मिनिटं लागू शकतात, इतका संथ सूर.

प्रार्थना एकतर मौन, नाहीतर जुन्या प्रार्थनापुस्तकातून वाचलेली. आपल्या मनाचं देवापुढे भडाभडा बोलणं ही तिथली रीत नव्हे. ‘माझा उद्धार झाला’ असं छातीठोक म्हणणं तर अहंकारच. आशा धरावी, निकाल देवावर सोडावा. या वृत्तीला ते ‘गेलासनहाइट’ म्हणतात. स्वतःला सैल सोडणं, मोठ्या हातात सोपवणं. वारीत चालणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

कादंबरीतली नायिका मात्र गोठ्यात, परसात, खिडकीशी देवाशी मैत्रिणीसारखी बोलते. तिला एका रात्री साक्षात्कार होतो, खात्री पटते. ही प्रार्थना अमेरिकन इव्हँजेलिकल, म्हणजे स्वतःच्या उद्धाराच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती, वाचिकेची आहे. टोपी आमिश, आतला आवाज वाचिकेचा. मुखपृष्ठावरच्या मॉडेलसारखाच हाही प्रकार. फक्त हा फोटोत पकडता येत नाही.

धर्म सांगायला कादंबरी वापरणं यात मला काही वावगं वाटत नाही. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, १८५७ ची ‘यमुनापर्यटन’, ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींचीच. पण त्यांनी विधवांची दैना लिहिली ती ज्या समाजात ते वाढले त्याची. इथे एका समाजाच्या अंगणात दुसऱ्याच समाजाची श्रद्धा पेरलेली असते.

(दृश्य: जेवणाचं मोठं टेबल. बाजूला एक लहान, वेगळं टेबल.)

‘शनिंग’ला मराठीत शब्द शोधावा लागत नाही. वाळीत टाकणं. बाप्तिस्मा घेताना दिलेला शब्द मोडला, पश्चात्ताप केला नाही, की त्या माणसाशी एका टेबलावर जेवायचं नाही, त्याच्या हातून वस्तू घ्यायची नाही. बाप्तिस्मा न घेता निघून गेलेल्याला ही शिक्षा लागत नाही. म्हणून कादंबरीतला प्रश्न नेहमी हाच, की तिचा बाप्तिस्मा झालाय की व्हायचाय? अम्मानची फारकतही मोठ्या अंशी याच कडकपणावरून झाली होती.

इंग्लिश वाचिकेला हे वेगळं टेबल म्हणजे विरहाचा प्रसंग. आपल्याला तसं वाचता येईल का, मला शंका आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा महाराष्ट्राला करावा लागला. आमिशांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल, की चूक कबूल केली तर दार उघडतं, आणि मागचं पुन्हा काढायचं नाही असा दंडक आहे. पण तोवर आईच्या हातची भाकरी आईच्या पंक्तीला बसून खाता येत नाही.

(दृश्य: जुनं पिवळं पुस्तक.)

बाहेरच्यांनी आमिशांवर लिहावं आणि आमिशांनी गप्प बसावं, असं मात्र कायम झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेलन मार्टिन या लँकेस्टरच्याच लेखिकेनं या साध्या लोकांना चिक्कू आणि आडमुठे रंगवलं. त्या चित्रणानं दुखावलेल्या, आमिश घरात वाढलेल्या जोसेफ योडर यांनी १९४० मध्ये आपल्या आईची गोष्ट लिहिली: आयरिश वंशाची पोर, आमिश बाईनं सांभाळलेली, पुढे मनानं आमिश झालेली. ‘रोझॅना ऑफ द आमिश’ त्यांनी स्वतःच छापली.

आणि आज लिंडा बायलर आहेत. स्वतः आमिश, आमिश साप्ताहिकातल्या स्तंभलेखिका. कादंबऱ्या लिहितात वह्यांमध्ये, हातानं. त्यांच्या कादंबऱ्यांतल्या मुली चिडतात, कंटाळतात, कामचुकारपणा करतात. मला त्या जास्त खऱ्या वाटतात.

बाहेरच्यांच्या कादंबऱ्या आमिश बायका वाचतात का? काही जणी वाचतात, आवडीनं. काही घरांत त्या चालत नाहीत. काही वाचतात आणि चुका काढून हसतात.

(दृश्य: वर्तमानपत्राची घडी उलगडणारे हात.)

ओहायोतल्या शुगरक्रीकहून १८९० पासून ‘द बजेट’ नावाचं साप्ताहिक निघतं. जागोजागच्या आमिश आणि मेनोनाइट वस्त्यांमधून लोक त्याला पत्रं पाठवतात, आणि ती पत्रं म्हणजेच ते साप्ताहिक. आधी हवामान. मग कुणाकडे बाळ झालं, कोण माळ्यावरून पडलं, गवत कापून झालं का, पाहुणे कुठून आले. मनात काय चाललंय याबद्दल फारसं काही नाही. आणि पुढची सभा कोणाच्या घरी, ते.