आधी लोखंड, मग पाट्या

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या वस्तू आणि त्यांच्या पाट्या'. पाट्यांकडे येतोच, पण आधी लोखंड.

'मॉनिटर' ही चिलखती नौका ३१ डिसेंबर १८६२ ला केप हॅटेरसजवळ बुडाली. तिचा तोफांचा फिरता बुरूज ऑगस्ट २००२ मध्ये वर काढला. इंचभर जाडीच्या लोखंडी प्लेटांचे आठ थर, वजन सुमारे १२० टन. न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये आणून तो ठेवला कुठे? टाकीत, पुन्हा बुडवून! 'मग काढलात कशाला?' असं शाळेतल्या पोरांनी विचारलं तर ठीक. हिशेब तपासणारे विचारतात तेव्हा कपाळाला हात लागतो.

समुद्रातल्या १४० वर्षांत मिठातलं क्लोराइड गंजातून थेट धातूपर्यंत शिरलेलं असतं. लोखंड तसंच वाळू दिलं की हवेतल्या ओलाव्याने आम्ल तयार होतं. आधी लोखंडाला तांबूस घाम फुटतो, मग पापुद्रे सुटतात. म्हणून कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण घ्यायचं. वस्तू ऋण टोकाला, भोवतीची स्टेनलेस स्टीलची जाळी धन टोकाला, आणि वीज अगदी बेताची. क्लोराइड बाहेर ओढलं जातं. द्रावणातलं त्याचं प्रमाण मोजत राहायचं, वाढ थांबली की द्रावण बदलायचं. ताज्या द्रावणातही आकडा हलेनासा झाला, की मग धुणं, वाळवणं, टॅनिक आम्ल, मेण. यात वर्षं जातात.

घाईने वीज वाढवलीत, तर हायड्रोजनचे बुडबुडे वरचा थरच उडवतात. ओतीव तोफेत हे फार महागात पडतं. तिथलं लोखंड झिजून मागे ग्रॅफाइट उरलेलं असतं, पेन्सिलीच्या शिशाइतकं मऊ. तोफेचा मूळ घाट, तिच्यावर कोरलेले आकडे, सगळं त्याच थरात. तारेचा ब्रश फिरवा, तोफेचा जन्मदाखला तुमच्या हाताला काळा लागेल!

नदीचं गोडं पाणी त्या मानाने दयाळू. त्याच युद्धात बुडालेली 'केरो' ही चिलखती नौका मिसिसिपी राज्यातल्या याझू नदीच्या गाळात टिकली होती. घात केला तो उचलण्याने. १९६४ मध्ये पोलादी दोर तिच्या लाकडात रुतले आणि शेवटी तीन तुकड्यांत ती वर आली. विक्सबर्गच्या उद्यानात पोचायला १९७७ उजाडलं, तोवर लाकडाचे हाल झाले.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर पाट्या. रिचमंडमध्ये जेफरसन डेव्हिसच्या, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या अध्यक्षाच्या, युद्धकाळातल्या घरात १८९६ मध्ये संग्रहालय उघडलं, दक्षिणेच्या स्मृती जपायला. २०१३ मध्ये ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालं, आता नाव अमेरिकन सिव्हिल वॉर म्युझियम. झेंडे तेच. म्हणजे पाटीच बदलायची होती! 'गुलामगिरी' हा शब्द पाटीवर नको म्हणणाऱ्याला मिसिसिपी या दक्षिणी राज्याचा १८६१ चा फुटून निघण्याचा जाहीरनामा वाचायला द्या. सुरुवातीलाच तो शब्द आहे, त्यांच्याच हातचा.

आणि एक, रेशमी झेंड्यावर ५० लक्सच्या वर प्रकाश टाकू नका, धागा तुटतो. तेवढ्या उजेडात बारीक अक्षरं कुणालाच दिसत नाहीत, तेव्हा पाटी मोठ्या टायपात छापा.