सरद

(चोर्ला घाटाचा पायथा. पहाट. दरीत धुकं. लांबून पत्र्याचा डबा वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो.)

हा डबा रात्रीपासून वाजतोय. तेलाचा रिकामा डबा, आत लोंबता दगड, दगडाला बांधलेली लांब दोरी. दोरीचं टोक शेताच्या मेरेवरच्या, म्हणजे बांधावरच्या, माळ्यावर, कांबळं पांघरून बसलेल्या माणसाच्या हातात. डोळा लागला की दोरी सैल पडते. भातात काही खसफसलं की डबा पुन्हा वाजतो.

हा गोव्याचा सत्तरी तालुका. सत्तर गावांची म्हणून सत्तरी. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, सोसोगड, इथलंच. हजार मीटरांहून जरा जास्त. गोव्यात दर्या बघायला आलेला माणूस सहसा इथवर पोचत नाही. पोचलाच तर श्रावणात, धबधब्याखाली भिजायला. आश्विनात इथे कुणाला काही बघण्यासारखं वाटत नाही.

शाळेच्या पुस्तकातला शरद ऋतू निरभ्र आकाशाचा, चांदण्याचा. इथे झाडांना त्याचा पत्ता नसतो. पानं झडायची ती माघ-फाल्गुनात. आत्ता रान अजून गच्च हिरवं आहे. पण हा ऋतू गावात रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडी असतो. 'सरद कसा आहे?' 'सरद लुवून झाला?' पावसावर घेतलेलं भात म्हणजे सरद, आणि पाऊस सरल्यावर पाटाच्या पाण्यावर घेतलेलं वायंगण. शरदात हाती येतं म्हणून पीकच सरद झालं.

(शेत. पिवळी पडत चाललेली लोंबी. मागे काळपट ढग.)

जूनमध्ये पेरलेली ज्योती, ही भाताची जात, साधारण चार महिन्यांत पिकते. तांदूळ तांबूस, जाड. पेज करायला याच्यासारखा नाही. आता लुवणीला, म्हणजे कापणीला, हात घालायचा, तर आकाश बघा. सकाळी लख्ख ऊन, अंगाची काहिली. दुपारी तीनच्या सुमारास घाटमाथ्यावर ढग उभे राहतात आणि तासाभरात वीज, गडगडाट, सरी. परतीचा पाऊस.

देशावर म्हणतात, 'पडतील स्वाती तर पिकतील मोती.' तिकडे रब्बीच्या ज्वारीला तो पाऊस लाभतो. इथे स्वातीत पाऊस पडला तर उभं भात आडवं होतं, लोंबी चिखलात जाते आणि दोन-तीन दिवसांत तिला तिथेच कोंब फुटतात. म्हण एकच, पण ती कुठल्या शेतात उभं राहून म्हणता, त्यावर सगळं आहे.

पावसातून राहिलं ते जनावरांचं. इथल्या गावांना लागून आहे म्हादई अभयारण्य, १९९९ साली घोषित झालेलं, २०८ चौरस किलोमीटरचं. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. सरकारी फलकावर तो फार रुबाबदार दिसतो. पिकलेल्या कुणग्यात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, रात्री दोनला त्याची काळी पाठ दिसली की रुबाब आठवत नाही, दोरी आठवते. रानडुकरं त्याहून वाईट. गवा खातो आणि जातो. डुकरांचा कळप खातो थोडं, तुडवतो फार.

कोजागरीला पणजीत मसाला दूध असतं. माळ्यावरच्या माणसालाही ही रात्र आवडते, पण कारण वेगळं. चांदण्यात डुक्कर लांबून दिसतं.

(कापणी. बायकांची रांग, हातात विळे. एका मेरेवर स्कूटर उभी.)

आज रविवार. एरवी होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करणारा मुलगा आज बापाच्या पाठोपाठ वाकलाय. डोंगरउतारावरचे हे कुणगे इतके लहान, की कापणीचं मोठं यंत्र आत वळवायचं कसं हाच प्रश्न. म्हणून विळा. वर उतारावर पूर्वी कुमेरी होती, रान तोडून, जाळून, राखेत पेरलेली नाचणी आणि वरी. निर्बंध आले, कुमेरी आटत गेली, तिच्या जागी काजू आला. नाचणी अजून दिसते, पण पट्ट्या-पट्ट्यांनी. आजीच्या पिढीला भाकरी म्हणजे नाचणीचीच.

मळणी झाली की सरद घरभर पसरतो. दाणे कणगीत. तण, म्हणजे पेंढा, गोठ्याच्या माळ्यावर. त्यातलंच थोडं तण पोरं पळवतात, दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पोटात भरायला. शहरातले नरकासूर आता दुमजली असतात, त्यांना बक्षिसं असतात. इथला जेमतेम पुरुषभर उंच, कुणाच्यातरी जुन्या पॅन्टमधला. पहाटे दोन मिनिटांत जळून जातो. मग अभ्यंग, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं, 'गोविंदा' म्हणायचं, कडू बी जिभेला लावायचं आणि पोह्यांवर बसायचं. दुधातले, ताकातले, गुळाचे, रोसातले म्हणजे नारळाच्या रसातले, बटाट्याचे. नव्या भाताचे पोहे पूर्वी घरीच कांडायचे. आता पिशवीतले येतात. चव बदलली असं सगळे म्हणतात. ताटात मात्र काही उरत नाही.

पाडव्याला गोरवांचा मान. गाईबैलांना न्हाऊ घालतात, गळ्यात झेंडूच्या माळा, पुढ्यात गोडाधोडाचा घास, आणि मग कापलेल्या शेतात मोकळं सोडतात. पाच महिने ज्या हिरव्याला तोंड लावलं की काठी पडायची, तिथलं खुंट आज राजरोस त्यांचं. राखणदार पोरं बांबू-फुलांच्या मखरात कृष्णाला बसवून घरोघर फिरतात. त्याला धेंडलो म्हणतात.

(तिन्हीसांज. देवळाच्या मंडपात दिवा. कुणीतरी मराठी संवाद पाठ करतंय, अडखळतंय.)

आता जत्रांचे दिवस जवळ आले. मराठी नाटकाची तालीम सुरू आहे. सेनापती दिवसभर भारे वाहून आलाय, त्यामुळे तलवार उचलताना खांद्याला हात लावतो.

कार्तिक द्वादशीच्या आधी शेतातला माळा उतरवतात. त्याचे बांबू चांगले असतात, तुळशीच्या मांडवाला लागतात. ऊस, दिंडे, आवळ्याची आणि चिंचेची डहाळी असं सगळं एकेक करून अंगणात येतं. डबा तेवढा गोठ्याच्या खुंटीवर अडकवून ठेवतात, दोरी नीट गुंडाळून. वायंगण पोटरीला आलं की तो लागेल.