२०२२च्या फुटबॉल वर्ल्डकपची फायनल पुन्हा बघा, पण या वेळी डाव्या टचलाईनवर नजर ठेवून

(कॅमेऱ्याकडे बघत)

मंडळी, १८ डिसेंबर २०२२. लुसेल स्टेडियम, कतार. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स. गोल कोणी मारले ते पाठ आहेच सगळ्यांना, म्हणून हायलाइट्स नकोत. अख्खी मॅच लावा आणि पहिला तासभर बॉलच्या मागे जाऊ नका. अर्जेंटिनाच्या डाव्या टचलाईनला, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेला, चिकटून उभा असलेला ११ नंबर बघा. डी मारिया.

(स्क्रीनवर: मैदानाचा नकाशा, डावी बाजू पिवळी)

एरवी हा उजवीकडचा गडी. सेमीफायनलला तर मैदानात उतरलाच नव्हता. अर्जेंटिनाचा कोच स्कालोनीने त्याला थेट फायनलला खेळवलं, तेही डावीकडे. कारण समोर फ्रान्सचा कुंदे, म्हणजे मूळचा सेंटर बॅक (बचावाच्या मधला), राइट बॅकला (बचावाच्या उजव्या कडेला) खेळवलेला. त्याच्या मदतीला डेम्बेले, विंगर म्हणजे कडेने हल्ला करणारा, आणि त्याचा जीव बचावात फारसा रमत नाही. विंगर मागे आला नाही की बॅकची काय गत होते, हे कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर मॅच बघणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

२१व्या मिनिटाला तेच झालं. डी मारिया फ्रान्सच्या गोलपुढच्या बॉक्समध्ये घुसला, डेम्बेले मागून धावत आला, पाय लागला, पेनल्टी. स्पर्श किरकोळ होता म्हणून भांडा हवं तर. पण आपल्याच बॉक्समध्ये विंगरला पाठलाग करावा लागतोय, तिथेच गणित चुकलं होतं. २३व्या मिनिटाला मेस्सी, १-०.

३६व्या मिनिटाचा गोल मात्र थांबवून थांबवून बघा. मॅक अॅलिस्टर, मेस्सी, अल्वारेझ, परत मॅक अॅलिस्टर. मेस्सीने बॉल थांबवलाच नाही, नुसता वळवला. फ्रान्सचा सगळा बचाव बॉलकडे ओढला गेला आणि पलीकडे डी मारिया एकटा. २-०.

फ्रान्सचे कोच देशाँनी हाफटाइमचीही वाट बघितली नाही. ४१व्या मिनिटाला जिरू आणि डेम्बेले बाहेर, थुराम आणि कोलो मुआनी आत. पहिल्या हाफमध्ये फ्रान्सचा एकही शॉट नाही. गोलवर सोडा, बाहेरही नाही.

(थोडं थांबून)

आता ६४वं मिनिट. डी मारिया बाहेर, अकुन्या आत. ३४ वर्षांचा, दमलेला खेळाडू, हातात दोन गोलची आघाडी. काढणं समजू शकतं. पण कुंदेला मागे डांबून ठेवणारा माणूसच गेला. ७१व्या मिनिटाला ग्रीझमन आणि थिओ हर्नांडेझ बाहेर, कोमान आणि कामाविंगा आत. मिडफिल्डर कामाविंगा थेट लेफ्ट बॅकला! तेव्हा हा जुगार वाटला होता. मग कोलो मुआनी अर्जेंटिनाच्या याच डाव्या बाजूने सुटला, त्यांचा डिफेंडर ओटामेंडीने त्याला पाडलं आणि ८०व्या मिनिटाला एम्बापेची पेनल्टी. अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझचा हात लागला होता बॉलला, तरी गोल. लगेच कोमानने मेस्सीच्या पायातून बॉल काढला, थुरामने वरून परत दिला आणि एम्बापेची व्हॉली, बॉल हवेत असतानाच मारलेली. ९७ सेकंदांत २-२.

एक्स्ट्रा टाइम सगळ्यांना आठवतो. १०८ला मेस्सी, ११८ला अर्जेंटिनाच्या मोंटिएलच्या हाताला बॉल लागून पेनल्टी, एम्बापेची हॅट्ट्रिक. पुरुषांच्या वर्ल्डकप फायनलमध्ये याआधी हे फक्त १९६६ला जेफ हर्स्टने केलं होतं.

१२३व्या मिनिटाला थांबा. लांब बॉल, ओटामेंडीचा अंदाज चुकला, कोलो मुआनी एकटा. मार्टिनेझ लवकर आडवा पडत नाही. पुढे येतो, अंग पसरतो आणि डावा पाय ताणतो. आधीच झोपला असता तर बॉल वरून गेला असता.

(स्क्रीनवर: ३-३)

स्कालोनीने अगदी शेवटी डिबालाला उतरवलं, ते पेनल्टी शूटआउटसाठीच. त्याने सरळ मध्यात मारली, फ्रान्सचा गोलकीपर योरिस बाजूला झेपावला होता. फ्रान्सच्या कोमानची मार्टिनेझने अडवली. चुआमेनी यायच्या आधी त्याने बॉल मुद्दाम लांब भिरकावला. चुआमेनीला चालत जाऊन आणावा लागला, आणि किक बाहेर. मोंटिएलने शेवटची मारली, ४-२.

१ जुलै २०२३पासून नियमात हे स्पष्ट लिहिलंय: गोलकीपरने किक मारणाऱ्याचं लक्ष गैरमार्गाने विचलित करायचं नाही, किक लांबवायची नाही, पोल, क्रॉसबार, जाळीला हात लावायचा नाही. आता बॉल असा फेकला तर रेफ्री आधी कार्डासाठी खिशाकडे हात नेईल.