डाव्या आट्याचा टॅप
(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : शुक्रवार, संध्याकाळ. शिवाजी उद्यमनगर. अर्धं वर केलेलं शटर, बंद लेथ, चालू ट्यूबलाइट. स्टँडवर एक रेसिंग कार्ट.)

शनिवार-रविवारच्या शर्यतीत ही गाडी ट्रॅकवर धावणार आहे ती जेमतेम तासभर. सराव, क्वालिफाइंग, हीट, प्रीफायनल, फायनल, सगळं धरून. बाकीचा वेळ ती अशीच स्टँडवर असेल आणि तिच्याभोवती माणसं वाकलेली असतील. शर्यत बघायला येणाऱ्याला तो तास दिसतो. आम्ही कॅमेरा लावला तो उरलेल्या वेळावर, कारण हौशी रेसरची खरी शर्यत तिथंच चालते.

गाडी चालवणारा टर्नर आहे. आठवडाभर याच शेडमध्ये पंपाचे शाफ्ट आणि व्हॉल्व्हचे पार्ट काढतो. घरखर्च भागवून जे मागं पडतं ते टायरात आणि पेट्रोलात जातं. त्याला प्रायोजक नाही. टीम म्हणजे धाकटी बहीण, एक मेस्त्री आणि मदतीला येतील ते मित्र.

(दृश्य : उद्यमनगरच्या गल्ल्या. ग्राइंडरच्या ठिणग्या. दुकानाबाहेर रचलेली कास्टिंग.)

कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते, तांबडा-पांढरा आठवतो. या गल्ल्या फार कमी जणांना आठवतात. शेतकऱ्याला विहिरीवर ऑइल इंजिन लागत होतं, तेव्हा ते इथल्या माणसांनी घडवलं. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं उद्यमनगरात आजही आदरानं घेतली जातात. त्या इंजिनांच्या मागोमाग फाउंड्र्या वाढल्या, लेथ वाढले, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसी उभ्या राहिल्या. मग याच गावात मोहित्यांनी कार्टिंगचा ट्रॅक बांधला, तिथं राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या, ध्रुव मोहिते देशातल्या शर्यतींत उतरले, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेले. काहींना याचं नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. इंजिनाचा नाद या मातीत जुना आहे.

आणि कार्टचा जन्मही एका कारागिराच्या हातूनच झालेला आहे. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स नावाच्या माणसानं पाइपांची एक बसकी चौकट जोडली आणि तिला छोटं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. तो रेसगाड्या बांधणाऱ्या कारखान्यात काम करायचा. आज फॉर्म्युला वनमध्ये दिसणारे जवळपास सगळे चालक लहानपणी अशाच चौकटीत बसलेले आहेत.

(दृश्य : कार्टच्या चासीवरून, म्हणजे पाइपांच्या चौकटीवरून, हळू फिरणारा कॅमेरा.)

ही गाडी नीट बघा. हिला धक्के शोषणारं सस्पेन्शन नाही. मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच सरळ ॲक्सलवर घट्ट बसवलेली आहेत, त्यामुळं ती कायम सारख्याच वेगानं फिरतात. पण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. मग ही गाडी वळते कशी? स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या कोनामुळं आतलं पुढचं चाक जमिनीवर दाबलं जातं, चासीच्या पाइपा पिळवटतात आणि आतलं मागचं चाक क्षणभर उचललं जातं. तीन चाकांवर वळायचं आणि सरळ रस्त्याला लागताना चौथं अलगद टेकवायचं. म्हणून पुढच्या चाकांचा कोन एका बाजूनं थोडा जरी बिघडला तरी गाडी एका वळणाला ऐकते आणि दुसऱ्याला ऐकत नाही. हे लक्षात ठेवा. शनिवारी रात्री याचंच संकट येणार आहे.

(दृश्य : शनिवार, पहाट. धुकं. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलेला छोटा हत्ती, मागं ताडपत्रीखाली कार्ट.)

गळिताचा हंगाम आहे. ट्रॅकवर पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे स्क्रूटिनी, गाडीची तपासणी. तपासनीस बाईंनी ब्रेकच्या पेडलपाशी बोट ठेवलं. पेडलपासून ब्रेकच्या पंपापर्यंत जाणारी जोडणी दुहेरी असावी लागते. मुख्य रॉड तुटला तर सोबतची तार ब्रेक ओढते. त्या तारेचे दोन पदर उसवलेले होते.

"तार बदला, मगच पास झाल्याचं स्टिकर."

सरावाचं पहिलं सत्र तिथंच गेलं. मेस्त्री गावात जाऊन मोटारसायकलच्या क्लचची जाड तार घेऊन आले. ट्रॅकवर कुणी कुरकुर केली नाही. ही गाडी सरळ रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास जाते, चालकाची बैठक जमिनीपासून बोटभर वर असते आणि ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला असतो. त्या बाईंनी एक सत्र बुडवलं, पण बरोबर केलं.

(दृश्य : क्वालिफाइंग. पहिल्याच फेरीत गाडी कडेला थांबते. पिवळा झेंडा.)

क्वालिफाइंगमध्ये चेन उतरली. दिवसातली सर्वांत जलद फेरी नोंदवायची ती हीच वेळ, आणि त्याच्या नावावर एकही पुरी फेरी नाही. म्हणजे हीटमध्ये, पहिल्या छोट्या शर्यतीत, शेवटून सुरुवात.

नवी चेन चढवून मोकळं होता आलं असतं. मेस्त्रींनी तसं केलं नाही. त्यांनी पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटला, चेनच्या दातेरी चाकांना, सरळपट्टी लावली, तर पट्टी मागं टेकेना. ॲक्सलच्या बेअरिंगचे बोल्ट ढिले होऊन सगळा ॲक्सल किंचित एका अंगाला सरकला होता. चेन तिरकी पळत होती.

"चेनचा काय दोष न्हाई," ते म्हणाले. "तिला वाकडं पळवलं की ती उतरणारच."

(दृश्य : शनिवार, दुपार. हीट. पाठीमागून एकेक गाडी मागं टाकत येणारा रेसर. मग धडक.)

हीटमध्ये तो सुंदर चालवत होता. हे आम्ही त्याचे मित्र म्हणून म्हणत नाही. प्रत्येक वळणावर ब्रेक उशिरा आणि एकदाच, स्टिअरिंग शांत. आतून जागा काढत काढत तो मधल्या गाड्यांपर्यंत आला. मग हेअरपिनवर, यू-आकाराच्या वळणावर, एका नवख्या मुलाची मागची चाकं लॉक झाली आणि त्याची गाडी आडवी होऊन याच्या डाव्या पुढच्या चाकावर आदळली.

पिटमध्ये, गाड्या दुरुस्त करायच्या जागी, आल्यावर दिसलं की डावा टाय रॉड वाकलाय. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी कांडी. वाकलेली सरळ करून वापरायची नसते, धातू एकदा वाकला की तिथं कमजोर होतो. बदलायचीच. आणि जादाचा टाय रॉड पेटीत नव्हता, आजूबाजूच्या पिटमध्ये त्या मापाचा मिळाला नाही. हेल्मेट काढून तो गाडीशेजारी बसला. बरगड्यांना मार होता, श्वास घेताना तोंड वाकडं होत होतं. बहिणीनं पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, "दादा, हा रॉड लेथवर होत नाही का?"

(दृश्य : शनिवार, रात्र. उद्यमनगर. पुन्हा तेच शटर, आता पूर्ण वर.)

होतो. ईएन-८ पोलादाचा षटकोनी बार, दुसऱ्या बाजूच्या सरळ रॉडवरून घेतलेलं माप, दोन्ही टोकांना ६.८ मिलिमीटरचं भोक आणि आत ८ मिलिमीटरचे आटे. तासाभराचं काम. अडचण एकच. टाय रॉडच्या एका टोकाला नेहमीचे उजवे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला डावे, म्हणजे उलटे. त्यामुळंच कांडी नुसती हातानं फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत येतात किंवा बाहेर जातात आणि चाकाचा कोन जुळवता येतो. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. उजव्या आट्याचा टॅप प्रत्येक शेडमध्ये असतो. डाव्या आट्याचा क्वचित लागतो, म्हणून क्वचितच असतो.

रात्री नऊनंतर फोन सुरू झाले. आमच्या माहितीपटाला याहून मोठं दृश्य नाही, म्हणून ते आम्ही कापलं नाही. एक शेड, दुसरी शेड, "बघून सांगतो", "होता, पण तुटला". शेवटी दोन गल्ल्या पलीकडच्या एका वयस्कर टर्नरनं घरचा दरवाजा उघडला. एकेकाळी ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. आता काम थांबवलंय, पण हत्यारं ग्रीस लावून कागदात गुंडाळून ठेवलेली आहेत.

"कशाला पाहिजे?"

"काका, रेसची गाडी हाय. उद्या फायनल."

"स्टिअरिंगचा पार्ट म्हणतोस. मग आटा पूर्ण खोल काढ. अर्धा काढून भागवू नको."

ते स्वतः चप्पल घालून शेडवर आले. टॅप त्यांनीच धरला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, निघालेला कीस मोडून बाहेर काढायचा, तेल सोडायचं, पुन्हा अर्धा फेरा. बघणाऱ्याला हे काम संथ वाटतं. घाई केली तर टॅप आत तुटतो आणि बार वाया जातो.

आणखी एक गोष्ट तिथं झाली, ती फक्त फाउंड्रीच्या गावातच सुचेल. स्टब ॲक्सल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं तो छोटा दांडा, वरून सरळ दिसत होता, पण धडकेनं त्याच्यावर डोळ्याला न दिसणारी बारीक चीर पडली असली तर? शेजारच्या शेडमध्ये कास्टिंग तपासायला डाय पेनिट्रंटचे डबे होते. लाल रंग फवारायचा, थांबायचं, पुसून काढायचा, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर तिच्यात मुरलेला लाल रंग रेघेसारखा वर येतो. सगळे खाली वाकून बघत राहिले. पांढरा पांढराच राहिला.

दारात आणखी कुणीतरी उभं होतं. हेअरपिनवर धडकलेला तो मुलगा वडिलांना घेऊन आला होता. माफी मागून झाली, तरी गेला नाही. पुढच्या चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजताना टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं.

(दृश्य : रविवार, सकाळ. तपासनीस बाई नवा टाय रॉड हातात घेऊन आटे बघताहेत. स्टिकर.)

रविवारची गोष्ट हवेची आहे, आणि ती बहिणीच्या वहीत आहे.

या गाडीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलातच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी गेलं की तेलही कमी जातं. इंजिनात किती पेट्रोल जाणार ते कार्बोरेटरमधला जेट ठरवतो, पितळेचा नखाएवढा तुकडा, मधोमध सूक्ष्म भोक. थंड हवा दाट असते, तिच्यात प्राणवायू जास्त, तिला पेट्रोल जास्त लागतं. तापलेली हवा विरळ, तिला कमी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून चेन्नईचा जेट इथं जसाच्या तसा चालत नाही. आणि हिवाळ्यात इथं सकाळी अंगावर स्वेटर लागतो, दुपारी सावली शोधावी लागते. एकाच दिवसात जेट बदलत राहावा लागतो.

ती दर सत्राला तापमान, जेटचा नंबर आणि प्लगचा रंग लिहिते. प्लग चॉकलेटी निघाला तर जमलं. काळा, ओला निघाला तर पेट्रोल जास्त. पांढरा निघाला तर कमी, आणि पांढऱ्याची भीती, कारण तेलाविना तापलेला पिस्टन सिलिंडरला धरतो. इंजिन सीझ.

सकाळी मोठा जेट होता. प्रीफायनलला, म्हणजे फायनलआधीच्या शर्यतीला, प्लग चॉकलेटी, आणि तो बरेच क्रमांक वर आला. दुपारी ऊन चढलं तसा त्यांनी जेट लहान केला. हिशोब बरोबर होता.

मग दुसऱ्या गटाच्या शर्यतीत अपघात झाला. लाल झेंडा, शर्यत थांबली. कुणाला गंभीर लागलं नाही, पण ट्रॅक साफ करण्यात वेळ गेला. फायनलच्या गाड्या ओळीत लागलेल्या, आता हत्यार लावायला मनाई. ऊन कलत होतं आणि बहिणीच्या हातातला तापमापक उतरत होता. जेट दुपारचा, हवा संध्याकाळची.

(दृश्य : बहीण कुंपणापाशी. उजवा तळवा दुसऱ्या हाताच्या मुठीवर ठेवून भावाला खूण करते. हेल्मेट हलतं.)

फायनलमध्ये काय झालं ते बाहेरून कळलं नसतं. सरळ रस्त्यावर तो एक हात स्टिअरिंगवरून काढून इंजिनाच्या हवेच्या तोंडावर क्षणभर तळवा धरत होता. हवा अडली की इंजिन पेट्रोल जास्त ओढतं, सोबत तेल येतं, पिस्टनला जरा गारवा मिळतो. जुन्या कार्टवाल्यांची ही युक्ती आहे. तिची किंमत वेगात मोजावी लागते. प्रत्येक फेरीत थोडा वेळ जात होता आणि मागचे दोघं जवळ येत होते. एकानं गाठलं. दुसऱ्याला त्यानं शेवटच्या वळणापर्यंत येऊ दिलं नाही.

मधल्या फळीत कुठंतरी त्याचा क्रमांक लागला. चषक तिघांना, तो त्यात नाही.

(दृश्य : वजनकाटा. रेसर हेल्मेटसकट गाडीसोबत काट्यावर.)

कुस्तीच्या स्पर्धेत पैलवानाचं वजन कुस्तीआधी होतं, इथं शर्यत संपल्यावर. चालक आणि गाडी मिळून ठरलेल्या वजनापेक्षा हलके भरले तर सगळी मेहनत बाद. काटा थांबला. पास.

(दृश्य : पिट. मेस्त्री प्लग काढून उजेडात धरतात.)

प्लग पांढरा होता. मेस्त्रींनी तो बराच वेळ फिरवून बघितला. वितळलेल्या पिस्टनचे ॲल्युमिनियमचे कण प्लगला चिकटतात, ते शोधत होते.

"कण न्हाईत. पिस्टन वाचला. रिंगा मात्र बदलाय लागतील." मग बहिणीकडं बघून, "लिही गं. फायनलला जेट बारका पडला, का पडला ते पण लिही."

तिनं आधीच लिहिलं होतं.

गाडी टेम्पोत चढली. बरगडीला हात लावत तो पुढं बसला आणि म्हणाला, "मेस्त्री, या आठवड्यात जादाचे दोन टाय रॉड करून ठेवूया."

"दोन कशाला? चार कर की. त्या हेअरपिनवाल्या पोराच्या गाडीला पण तेच माप बसतंय, मी काल बघितलंय. आणि काकांचा टॅप उद्या सकाळी देऊन ये, ग्रीस लावून."