खेळ कुणाचा, मुलाचा की आपला?

[दृश्य: जमिनीवर ठोकळे, एक लहान मुलगी]

ही बघा, दीडेक वर्षांची असेल. ठोकळ्यावर ठोकळा ठेवतेय, तिसरा ठेवला की सगळं धाडकन खाली, आणि ती रडत वगैरे नाही, परत पहिल्यापासून सुरू, फक्त यावेळी मोठा ठोकळा खाली घेतलाय. कुणी सांगितलं तिला? कुणीच नाही. तोल, वजन, आधी काय नंतर काय, सगळं हातानेच शिकतेय ती. आणि आपण शेजारी बसून "असं नाही गं, असं ठेव" म्हणून हात पुढे करतो.

तो हात जरा मागे घेऊया.

2011 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक भारी प्रयोग प्रसिद्ध केला. एक खेळणं, त्यात आवाज, लाईट, आरसा अशा चार गमती लपवलेल्या. काही मुलांना मुद्दाम शिकवलं, बघ हं, ही नळी ओढली की चूं वाजतं. बाकीच्यांच्या हातात खेळणं आलं ते असं शिकवल्याशिवाय. तर शिकवलेली मुलं बराच वेळ तेच चूं करत बसली, आणि दुसऱ्या मुलांनी उलटसुलट करून बघितलं, बाकीच्या गमती त्यांनाच जास्त सापडल्या.

[दृश्य: मुलं पहारेकरी बनून उभी]

आता हे बघा. मुलाला नुसतं म्हणा, हलू नकोस, उभा राहा. लगेच चुळबुळ सुरू! 1948 मधला सोव्हिएत रशियातला एक अभ्यास आहे, त्यात मुलांना सांगितलं की तू पहारेकरी आहेस, आणि तीच मुलं कितीतरी जास्त वेळ न हलता उभी राहिली, कारण पहारेकरी हलत नसतो ना, हा नियम आता त्यांच्या खेळातला होता. लेव व्हायगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ त्याच्या आधीच म्हणाले होते की खेळताना मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं. "आधी अभ्यास मग खेळ" हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की मन ताब्यात ठेवायला मूल नेमकं खेळातच शिकतं हे लक्षातच येत नाही, मला तर हे फार महत्त्वाचं वाटतं.

1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात, कलम 31 मध्ये, खेळ हा मुलांचा हक्क म्हणून लिहिलाय. बक्षीस म्हणून नाही.

[दृश्य: फळ्या, खिळे, हातोडी]

आणि हक्क खरंच मुलांच्या हातात दिला तर काय होतं? डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला, युद्ध चालू असताना, 1943 मध्ये एम्ड्रप इथे एक मैदान उघडलं. तयार घसरगुंडीवर भर नाही, तर भंगार लाकूड, विटा, हत्यारं, आणि मुलं स्वतः झोपड्या बांधायची, पाडायची, परत बांधायची. तिथे एक मोठा माणूस कामाला होता, जॉन बर्टेलसन. मुलांना काही शिकवायचं नाही हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. काय बांधायचं ते मुलंच ठरवणार.