एसी करंट तारेच्या नक्की कुठून जातो? पाइपात वायर घालून बघूया

हा पाइप म्हणजे फ्रिज-एसी रिपेअरवाले वापरतात तोच, तांब्याचा, अर्धा इंची, मीटरभर. आतून 4 एमएमची (म्हणजे 4 चौरस मिमी छेदाची) इन्सुलेटेड वायर घातलीय आणि दोन्ही टोकांना ती पाइपलाच सोल्डर केलीय, फक्त एका बाजूला थोडी बाहेर ठेवून तिच्यावर छोटी सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) बसवलीय, म्हणजे ऑसिलोस्कोपवर (वेव्ह दाखवणाऱ्या यंत्रावर) फक्त आतल्या वायरचा करंट दिसेल. सप्लाय ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरचा, सिरीजमध्ये 8 ओहमचा रेझिस्टर, एकूण करंट हलू नये म्हणून.

आधी 50 हर्ट्झ. वायरच्या वाट्याला साधारण आठवा हिस्सा येतोय, दोघांत किती तांबं आहे त्या हिशोबाने बरोबरच आहे.

आता फ्रिक्वेन्सी वाढवतोय... दोन किलोहर्ट्झच्या आसपास वायरचा करंट आधीच्या 70 टक्क्यांवर आला, आणि बघा, वेव्ह मागे पण पडलीय, जवळजवळ 45 अंश. 20 किलोहर्ट्झला तर दहावा भागच उरला, बाकी सगळा पाइपमधून चाललाय.

बरेच जण सांगतात की इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून करंट कडेला जातो. चूक आहे ते, तसं असतं तर डीसीला पण झालं असतं ना! खरी गोष्ट अशी की पाइपच्या करंटचं मॅग्नेटिक फील्ड पाइपच्या पोकळीत नसतंच, वायरचं मात्र पोकळीतही असतं, म्हणजे आतल्या वाटेला फ्लक्स (वेढणारं मॅग्नेटिक फील्ड) जास्त, म्हणून इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) जास्त, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की तो जास्तच अडवतो.

भरीव तार म्हणजे असेच एकात एक पाइप समजा. आतल्यांना करंट कमी, बाहेरच्यांना जास्त, यालाच स्किन इफेक्ट म्हणतात. होरेस लॅम्बने 1883 मध्ये गोल गोळ्यासाठी हे गणित मांडलं, 1885 मध्ये ऑलिव्हर हेविसाइडने ते कुठल्याही आकाराच्या कंडक्टरला लावलं.

करंट किती आत शिरतो त्याला स्किन डेप्थ म्हणतात; तांब्यात 50 हर्ट्झला ही खोली 9.3 मिमी, म्हणजे तेवढं आत गेलं की करंट डेन्सिटी पृष्ठभागाच्या 37 टक्के होते. त्यामुळे घरच्या वायरिंगची काळजीच नको. फ्रिक्वेन्सी चौपट केली की खोली निम्मी, 20 किलोहर्ट्झला जेमतेम अर्धा मिमी. इंडक्शन शेगडी याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास चालते, म्हणून तिच्या कॉइलमध्ये एक जाड तार न टाकता एनॅमल लावलेल्या बारीक तारांचा पीळ असतो, प्रत्येक तार आलटून पालटून आत-बाहेर येते म्हणजे करंट सगळ्यांना सारखा मिळतो.